कुंडीतील कोंजाक : फुलापासून बीपर्यंत

सुरण चिरताना हाताला तेल चोळावे, अळूच्या फदफद्यात चिंच घालावी, शेवळे शिजवताना काकडे विसरू नयेत, हे मराठी स्वयंपाकघराला कोणी शिकवावे लागत नाही. अळू, सुरण आणि शेवळे या तीन निरनिराळ्या चवींच्या भाज्या. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच घराण्यातल्या, अळूच्या कुलातल्या. त्यांचे नाते शास्त्रज्ञांनी फुलांच्या रचनेवरून जुळवले. आपल्या आज्यांनी ते घशाच्या खवखवीवरून कधीच ओळखले होते.

या कुलातील कंदांना येणारे फूल मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिलेले असते आणि त्याचे बी तर त्याहूनही थोड्यांनी. शेतकरी सुरण लावतो तो कंदाच्या फोडी करून, प्रत्येक फोडीत मधल्या कोंबाचा थोडा अंश राहील अशा बेताने. त्या फोडीतून वर येणारे झाड खऱ्या अर्थाने नवे नसतेच. ते जुन्याच झाडाचे पुढचे पाऊल असते. त्याचे गुण तेच आणि रोगापुढची दुर्बलताही तीच. बी ही गोष्ट वेगळी. तिच्यात दोन पालक असतात आणि म्हणून जन्माला येणारे प्रत्येक रोप थोडे तरी अनोळखी असते. गेली काही वर्षे पुण्यातील आमच्या गच्चीवर मी याच कुलातील एका परदेशी पाहुण्याला वाढवते आहे. त्याला कंदाने वाढवणे हे हौसेचे काम आहे, पण फुलापासून बीपर्यंत नेणे ही एक प्रकारची शुश्रूषा आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. त्या शुश्रूषेविषयी आणि तिच्यात घरातील माणसांनी घ्यावयाच्या काळजीविषयी येथे लिहीत आहे.

पाहुण्याचे नाव कोंजाक. तो आपल्या सुरणाचा चुलतभाऊ. दोघांचीही वंशनोंद ‘अमॉर्फोफॅलस’ याच प्रजातीत होते. या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात पसरल्या आहेत. आपला कोकणातला शेवळाही त्यांतलाच. सर्वांत प्रसिद्ध जात सुमात्राच्या जंगलातली. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची ओळख १८७८ साली जगाला करून दिली आणि १८८९ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात ती प्रथमच लागवडीत फुलली. ते फूल माणसाहून उंच असते, ते घरी वाढवण्याचा विचार न केलेलाच बरा. कोंजाकचा आकार मात्र कुटुंबाला झेपणारा आहे. मूळचा तो पूर्व आणि आग्नेय आशियातला. जपानात त्याच्या कंदापासून ‘कोन्याकू’ नावाचा खाद्यपदार्थ करतात आणि तेथील बहुतेक लागवड एकट्या गुन्मा प्रांतात होते.

एक सूचना प्रारंभीच करते. परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून सामानात लपवून कंद किंवा बी मागवू नये. वनस्पती आयात करण्यासाठी आपल्याकडे विलगीकरणाचे नियम आहेत. एका कंदाबरोबर येणारी कीड किंवा बुरशी आपल्या सुरणाच्या शेतापर्यंत पोहोचू शकते. देशातच वाढवलेले कंद हौशी मंडळींकडे आणि काही रोपवाटिकांत मिळतात. ते घ्यावेत.

कोंजाकचे वर्ष समजून घेतले की निम्मे काम झाले. पावसाळ्याच्या तोंडाशी कंदातून एकच कोंब वर येतो आणि त्याचे एकच पान होते. जमिनीतून निघणारा ठिपक्याठिपक्यांचा जाड दांडा पाहून पाहुणे त्याला खोड समजतात. तो वास्तविक पानाचा देठ असतो आणि वरचा छत्रीसारखा विस्तार म्हणजे त्या एकाच पानाच्या वाटण्या. संपूर्ण वर्षाची मिळकत या एका पानावर. ते वाऱ्याने मोडले तर त्या वर्षी दुसरे येईलच याची खात्री नाही. पान काम करू लागले की जुना कंद हळूहळू रिकामा होत जातो आणि त्याच्याच माथ्यावर नवा कंद आकार घेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पान पिवळे पडते तेव्हा जुन्याची केवळ सुरकुतलेली साल उरते. दरवर्षी हे झाड आपले सगळे शरीर नवे करते. मग हिवाळ्यात ते झोपते. या झोपेत पाणी द्यावयाचे नाही, हा नियम पाळणे घरातील ज्येष्ठांना सर्वांत अवघड जाते. कोरडी कुंडी पाहवत नाही म्हणून प्रेमाने तांब्याभर पाणी घातले जाते आणि कंद कुजतो.

मिश्रण भुसभुशीत हवे. मी बागेची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाचा भुसा यांत जाड वाळू मिसळते. कुंडी खोल असावी, कारण कंद मुळे माथ्याकडून सोडतो आणि दरवर्षी थोडा खाली सरकत जातो. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. कंदासाठी तर नाहीच, पण डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला तेवढे पाणी पुरते म्हणूनही. पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात तापाचा रुग्ण आला की मी त्याच्या घरातील कुंड्यांची चौकशी करते, ती याचसाठी.

तीनचार वर्षांच्या अशा फेऱ्यांनंतर कंद मोठ्या पपनसाएवढा होतो आणि एका फेब्रुवारीत नेहमीच्या गुलाबी कोंबाऐवजी जाड, टोकदार कोंब दिसू लागतो. हे फूल. पान त्याच्या नंतर येते, किंवा येतच नाही. फुलाला या वेळी मातीचीही गरज नसते. फडताळात कोरड्या ठेवलेल्या कंदालाही फूल आलेले मी पाहिले आहे.

आपण ज्याला फूल म्हणतो तो खरे म्हणजे शेकडो लहान फुलांचा समूह आहे. मधोमध एक कणीस असते आणि त्याला वेढणारे, कॉलरसारखे उभे राहिलेले गडद तपकिरी-जांभळे आवरण. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत त्या आवरणाला महाछद म्हणतात. कणसाच्या अगदी तळाशी मादी फुलांचा पट्टा, त्याच्या वर नर फुलांचा आणि त्याहून वर एक लांबलचक निमुळते टोक. वास येतो तो त्या टोकातून.

या वासाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. कोंजाक उमलला की पहिल्या दिवशी मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी एका वर्षी पाण्याची टाकी उघडून पाहण्याचे फर्मान काढले होते. या वासात गंधकाची दोन संयुगे प्रमुख असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. मांस सडताना हीच तयार होतात. माश्या आणि भुंगे त्यामागे धावतात, त्यांना खाऊ काहीच मिळत नाही, फुलाचे काम मात्र होते. उघडीप असलेल्या गच्चीवर या वासाने निरोगी माणसाला अपाय होत नाही. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांनी, दमेकऱ्यांनी आणि पहिल्या तिमाहीतील गरोदर स्त्रियांनी ते दोन दिवस दूर राहावे, आणि फूल बंद खोलीत ठेवू नये, एवढे पुरे.

परंतु पहिल्यांदा हा वास आला तेव्हा मला उंदीर आठवला नाही. मला एक रुग्ण आठवले. त्यांना तोंडाचा कर्करोग होता. गालावरची गाठ फुटून जखम झाली होती आणि उपचारांची मर्यादा संपल्यामुळे ते घरी होते. मी जखम पाहण्यासाठी जात असे. त्यांची खाट मागच्या खोलीत हलवलेली होती, नातवंडांना तेथे जाण्याची मनाई होती आणि सूनबाई दिवसातून चारदा चादर बदलूनही स्वतःलाच दोष देत होत्या. २००९ साली जपानी संशोधकांनी अशा फुटलेल्या कर्करोगी जखमांच्या वासाचा शोध घेतला, तेव्हा त्यांना डायमिथाइल ट्रायसल्फाइडच सापडले. फुलातले आणि जखमेतले रसायन एकच. हा वास अस्वच्छतेचा नसतो, शुश्रूषेतील उणिवेचा तर मुळीच नसतो. ऊती मृत झाल्या आणि त्यांवर जंतू वाढले की तो येणारच. ज्या कुटुंबात असा रुग्ण आहे त्यांनी संकोच न करता डॉक्टरांशी या वासाविषयी बोलावे. मेट्रोनिडॅझोल हे औषध जखमेवर लावल्याने तो पुष्कळ कमी होतो, कोळशाचा थर असलेल्या पट्ट्याही मिळतात आणि खाट पुन्हा माणसांत आणता येते. त्या घरातही ती पुढे आणली गेली. ही माहिती रुग्णाच्या नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही, कारण ते विचारीत नाहीत. आणि ते विचारीत नाहीत, कारण त्यांना लाज वाटते.

या कुलातील काही फुले वासाबरोबर उष्णताही निर्माण करतात. सुरणाचे फूल उमलताना त्याच्या टोकाला हात लावला तर ते कोमट लागते. उष्णतेमुळे गंधद्रव्ये लवकर हवेत जातात. हे ऊन होणे प्रथम लामार्क यांनी १७७८ साली नोंदवले. कोणता पदार्थ हा हुकूम सोडतो हे मात्र १९८७ पर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या देशातही आढळणाऱ्या सौरोमॅटम या कंदवर्गीय झाडावर अमेरिकेत प्रयोग झाले आणि उत्तर निघाले सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ज्याच्यापासून ॲस्पिरिन करतात ते. फुलण्याच्या आदल्या दिवशी फुलात त्याचे प्रमाण सुमारे शंभरपट वाढते. आपण ताप उतरवण्यासाठी ज्याचा नातलग घेतो, त्यानेच फुलाला ताप चढतो! ही गोष्ट मी शाळकरी मुलांना सांगते तेव्हा ती हमखास लक्षात राहते.

आता बीकडे वळू. निसर्गाने येथे एक अडसर घालून ठेवला आहे. मादी फुले आधी पक्व होतात, नर फुले नंतर. पहिल्या संध्याकाळी वास सुटलेला असतो तेव्हा मादी फुलांची टोके ओलसर, चिकट आणि पराग घ्यायला तयार असतात. दुसऱ्या दिवशी वास ओसरतो, ती टोके सुकू लागतात आणि मग नर फुलांतून पिवळसर पराग सुटतो. स्वतःचा पराग स्वतःला मिळू नये अशी ही व्यवस्था. जंगलात आसपास दुसरे झाड एकदोन दिवसांच्या फरकाने फुललेले असते. गच्चीवर ते नसते. काही जाती याला अपवाद आहेत. इंडोनेशियात ‘पोरांग’ म्हणून लावली जाणारी जात परागाशिवायच बी धरते. कोंजाकला मात्र जोडीदार हवा, आणि तोही खरा जोडीदार. एकाच कंदाच्या पिल्लांपासून वाढवलेली दोन झाडे म्हणजे एकच झाड दोन कुंड्यांत. निरनिराळ्या ठिकाणांहून कंद आणणे त्यासाठी आवश्यक आहे.

माझ्याकडे असे दोन होते, एक पुण्यातल्याच एका स्नेह्यांनी दिलेला आणि दुसरा कोकणातल्या रोपवाटिकेतून आणलेला. ज्या वर्षी दोघांनाही फुलाचे कोंब दिसले त्या वर्षी पुण्याचा कंद फेब्रुवारीच्या अखेरीस फुलला. कोकणातल्याचा कोंब तेव्हा वीतभरही नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी महाछदाला तळाशी धारदार चाकूने एक लहान खिडकी पाडली, खाली घडी केलेला कागद धरला आणि मऊ कुंचल्याने पराग झाडून घेतला. ओलाव्यात पराग लवकर मरतो. तो दिवसभर सावलीत कोरडा केला, औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत भरला, वर तारीख लिहिली आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. हे करताना बाटलीवर ‘खाण्याचे नाही’ असे ठळक लिहावे आणि ती दुसऱ्या बंद डब्यात ठेवावी. लसींच्या कप्प्यात मी ती ठेवली नाही, हे सांगणे न लगे.

बारा दिवसांनी कोकणातला कंद संध्याकाळी उमलला. तो माझा सर्वांत मोठा कंद होता, पाच पावसाळ्यांची कमाई. येथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो सोपा नसतो. परागण केले नाही तर आठवडा-पंधरवड्यात फूल कोसळते, दांडा कापून टाकता येतो आणि वेळेवर पान येऊन कंदाची झीज भरून निघते. बी धरू दिले तर महिनोन्महिने तो दांडा उभा राहतो, त्या वर्षी सहसा पान येत नाही आणि सगळा खर्च साठ्यातून होतो. कंद हलका होतो. कधी त्यातून सावरतही नाही. घरी एकमत झाले नाही. यजमानांना कंद वाचवावा असे वाटत होते, माझ्या सासूबाईंना बी हवे होते. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. बीपासून फूल यायला चारपाच वर्षे लागतात हे त्यांना ठाऊक होते. “मला फूल नकोच आहे, वास पुरे झाला,” त्या म्हणाल्या, “रोप कसे निघते ते पाहायचे आहे.”

रात्री नऊच्या सुमारास नाकाला ओला रुमाल बांधून मी तळाच्या मादी फुलांवर पराग लावला. महाछदाची खिडकी या वेळी मोठी पाडावी लागते. कुंचला प्रत्येक टोकावर हलकेच टेकवावा, घासू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा लावला. फूल प्रकाशासाठी नव्हे तर किड्यांसाठी रात्रीकडे झुकून उमलते, म्हणून संध्याकाळ चुकवू नये.

यश मिळाले की नाही हे दोन आठवड्यांत कळते. महाछद सुकतो, वरचे टोक गळते, पण दांडा ताठ राहिला आणि तळाचे हिरवे मणी फुगू लागले तर बी धरले. पुढचे काम कंटाळवाणे आहे. एप्रिल-मेच्या उन्हात कुंडी सावलीत हलवावी, माती जेमतेम ओली ठेवावी, दांड्याला काठीचा आधार द्यावा. आमच्या कणसावर शेकडो मादी फुलांपैकी पन्नासेक मणी वाढले. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते हिरव्याचे नारिंगी आणि मग लालबुंद झाले. हे कणीस दिसायला अतिशय सुंदर असते, आणि नेमकी तेथेच वैद्यकीय दृष्टीने खरी काळजी सुरू होते.

लाल, रसरशीत, मक्याच्या कणसासारखे रचलेले दाणे, कुंडीची उंची लहान मुलाच्या हाताची. कोणतेही मूल ते तोंडात घालणारच. अळूच्या कुलातील जवळजवळ सर्व झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुडग्यांनी असतात. चावताच ते जिभेत, हिरड्यांत, घशात रुततात. घरोघरी दिसणारे मनी प्लांट, डायफेनबेकिया, मॉन्स्टेरा, पीस लिली आणि अँथुरियम ही सारी याच कुलातली, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. गेल्या वर्षी अडीच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. ओठ सुजलेले, लाळ अखंड गळत होती, मूल रडतही नव्हते कारण रडताना दुखत होते. डायफेनबेकियाचे पान चावले होते. तासाभरात सूज थांबली आणि ते बरे झाले, पण दरवेळी इतके सोपे नसते.

असे घडल्यास तोंडातील उरलेले तुकडे स्वच्छ ओल्या कापडाने काढावेत, चूळ भरता येत असेल तर भरू द्यावी, गार पाणी किंवा गार दूध थोडे थोडे पाजावे. उलटी करवू नये; वर येताना तेच स्फटिक पुन्हा घसा पोळतात. आवाज घोगरा झाला, गिळता येईनासे झाले, श्वासाला घरघर लागली किंवा जीभ सुजत चालली तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. रस डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आमच्याकडे दाणे रंगू लागताच कणसावर जाळीची पिशवी बांधली आणि कुंडी कठड्यावर चढवली. पिशवीमुळे बुलबुलांचीही निराशा झाली.

पिकलेले दाणे मऊ झाले की काढावेत. रबरी हातमोजे घालावेत. गर पाण्यात कुस्करून बी वेगळे करावे. प्रत्येक दाण्यात एकदोन बिया निघतात. भाजीच्या सुरीने किंवा स्वयंपाकघरातील भांड्यांत हे काम करू नये. इतर बियांप्रमाणे यांना उन्हात वाळवून डबीत भरण्याचा मोह टाळावा. वाळल्या की त्या मरतात. ताज्याच ओलसर मिश्रणात बोटाच्या पेराएवढ्या खोल पेराव्यात. बागकाम करणाऱ्या सर्वांनी धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, हेही या निमित्ताने सांगून ठेवते. साठीनंतर ती घेतलेली तारीख फार थोड्यांना आठवते.

कोंजाकचे नाव काढले की दवाखान्यात दुसराच प्रश्न येतो. त्याच्या पिठाच्या कॅप्सूल, त्याचे तांदूळ, त्याच्या शेवया वजन कमी करतात का? कंदात ग्लुकोमॅनन नावाचा विद्राव्य तंतू असतो, तो पाण्यात कित्येक पटींनी फुगतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दोन मर्यादित दावे मान्य केले : दिवसाला ४ ग्रॅम घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल योग्य पातळीत राहण्यास मदत होते, आणि कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर १-१ ग्रॅम तीन वेळा, प्रत्येक वेळी एकदोन ग्लास पाण्यासह घेतल्यास वजन उतरण्यास हातभार लागतो. आहार बदलला नाही तर काही नाही. फुगण्याचा हाच गुण धोक्याचाही आहे. कोरडी पूड किंवा गोळी अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. कोंजाकच्या लहान कपांतील जेलीने मुलांचे घास अडकून मृत्यू झाल्यामुळे अनेक देशांनी तिच्यावर बंदी घातली. गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांनी आणि लहान मुलांनी ही पूड घेऊ नये. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. इतर औषधे आणि ही पूड एकाच वेळी घेऊ नयेत. आणि कुंडीतला कंद सुरणासारखा चिरून तर मुळीच शिजवू नये. जपानात तो दळून, चुन्याच्या निवळीसारख्या क्षाराने संस्कारित करून मगच खातात.

सुरणाबद्दलही एक वाक्य. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे झालेले आहेत त्यांनी तो क्वचित आणि उकळून, पाणी टाकून खावा. चिंच खवखव घालवते, खड्याची भीती घालवत नाही.

ज्येष्ठात बाजारात शेवळ्यांच्या जुड्या येतात. आपण खातो तो शेवळा म्हणजे न उमललेले फूलच. मी तो आवडीने खाते, आजही आणते. पण कोंजाकचे एक कणीस पिकवायला आठ महिने लागल्यापासून जुडी सोडताना आपोआप मोजले जाते, बारा, चौदा, सोळा. कंद जमिनीत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो. त्या वर्षीचे बी मात्र जुडीबरोबर घरी आलेले असते. ज्यांच्याकडे कोकणात किंवा पालघरकडे वाडी आहे त्यांनी बांधावरचे दोनचार शेवळे न खुडता पुरे उमलू द्यावेत. तेथे कुंचल्याची गरज नाही, माश्या ते काम करतात.

आमच्या ६३ बिया नोव्हेंबरात पेरल्या. हिवाळाभर काही हालचाल नव्हती. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून ट्रे पाहून जात आणि ‘अजून नाही’ एवढेच म्हणत. वळवाच्या दोन सरी झाल्यावर मेच्या अखेरीस पहिला कोंब आला, सुईच्या जाडीचा. जूनच्या मध्यापर्यंत २८ झाले. पहिल्या वर्षीच्या रोपाला एकच पान असते, पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे. त्याच्याखाली दिवाळीपर्यंत वाटाण्याएवढा कंद तयार होतो. २८ पैकी तीन रोपांच्या देठांवर ठिपकेच नव्हते, ते स्वच्छ हिरवे होते. दोन्ही पालकांच्या देठांवर ठिपके असताना हे कोठून आले, असे सासूबाईंनी विचारले. त्या तीन कुंड्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख लिहून चिठ्ठ्या लावल्या आणि त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. मोठा कंद त्या पावसाळ्यात पानाविना गेला. उकरून पाहिला तेव्हा त्याचे वजन निम्म्यावर आले होते, परंतु तो कठीण होता आणि माथ्यावर गुलाबी कोंबाचे टोक होते.